आधी पाणी

इथे परदेशात, यिशुनला, आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहतात. बँकेत नोकरी, बोलणं सावकाश, जणू प्रत्येक वाक्य आधी मनात ऐकून बघतात. दारात एअरकॉनवाला येवो की पार्सलवाला, त्या आधी पाण्याचा ग्लास पुढे करतात, मग काम विचारतात.

आमच्या मराठी मंडळाने एक ग्रीक शोकांतिका बसवली. ग्रीकांनी इराण्यांना लढाईत हरवलं आणि वर त्या शत्रूच्याच घरचा शोक रंगमंचावर आणला, हे मला अजून खरं वाटत नाही. बाई इराणची राजमाता, मी रणांगणावरून आलेला दूत. दिग्दर्शक सारखा म्हणायचा, "ग्रीकांच्या लेखी ही माणसं रानटी. जरा थयथयाट करा की!" बाई नुसत्या मान हलवायच्या.

प्रयोगात मी धापा टाकत आत शिरलो. लढाईवर गेलेल्या मुलाची खबर ऐकायला ताटकळलेली ती आई मागे वळली आणि तांब्या घेऊन माझ्यापुढे आली. संहितेत हे नव्हतं.

"आधी पाणी घे," त्या म्हणाल्या. "मग सांग."

मी पाणी प्यालो. सैन्यातलं कुणी उरलं नाही, हे पुढचं वाक्य मला तोंडपाठ होतं. पण ते त्या आईला सांगायचा धीरच होईना.