नथीतला मोती

हे बायकोला ठाऊक नाही. कंपनीत कुणाला नाही, गावाकडं थोरल्या भावाला नाही. सहा वर्षं झाली. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ द्या. कारण सांगायला लागलो की मी लगेच सारवासारव करतो. तो माझा धंदाच आहे.

मी चाकणला क्वालिटीत आहे. पार्ट खराब निघाला की तो का निघाला ते लिहून काढायचं. आणि खरं सांगू का राव? बहुतेक वेळा आम्ही एकच लिहितो — ऑपरेटरचा निष्काळजीपणा. मशिन जुनं असो, टूल झिजलेलं असो. ऑपरेटर कंत्राटी, तो कुठं बोलणार? साहेब खूश, कागद बंद. माझं अक्षरही चांगलं आहे.

दुसरी खोड नखाची. पार्टच्या कडेला धातूचा बारीक काटा राहिलाय का, ते आम्ही अंगठ्याच्या नखानं बघतो. पुढं पुढं हात ऐकतच नाही. हॉटेलातलं टेबल, देवळातली दानपेटी, कासारवाडीतल्या आमच्या घराची कडी — दिसेल त्यावर नख फिरतं. बायको हसते. मीही हसायचो.

त्या रविवारी लेकीला घेऊन पुण्यातलं एक जुनं संग्रहालय बघायला गेलो. इंग्रजांच्या काळातली दगडी इमारत, उंच छत, लांब दांड्यांचे पंखे. लेक तेव्हा सात वर्षांची. तलवारी झाल्या, नाणी झाली, आणि वरच्या दालनात ती दमून खाली फरशीवरच बसली. तिथं राखणीला एक बाई होत्या. बिल्ल्यावर नाव होतं कौसल्या. त्यांनी स्वतःचं स्टूल पोरीला दिलं. माझी दोन वाक्यं ऐकली आणि हसल्या, "आमच्याकडचे वाटायलाव की. अंबाजोगाई का?" बरोब्बर! काय बरं वाटलं मला. इकडं बोलण्यावरून गाव ओळखणारं कोण भेटतंय?

मग मीच म्हणालो — हे नीट ऐका, मीच म्हणालो — "ताई, पोरीला प्यायला पाणी मिळंल का?"

"चल गं माय, खाली माठ हाय," म्हणत तिचा हात धरून त्या गेल्या.

दालनात मी एकटा. समोर लाकडी फळीवर रंगवलेलं चित्र — नऊवारीतली बाई, हातावर पोपट, नाकात नथ. नथीपाशी रंग जरा फुगला होता. मी विचार केला का? छे! अंगठा गेलासुद्धा. नख फिरलं आणि नथीतला एक मोती, तांदळाच्या कणीएवढा रंगाचा टवका, सुटून तळहातावर आला.

तो मी खिशात घातला.

इथवर चूक म्हणा हवं तर. मीही कितीदा तसंच म्हणून बघितलं. पण पुढचं?

फेरीवर संग्रहालयाचे साहेब आले. तो उघडा पडलेला ठिपका त्यांना लगेच दिसला. कुणी केलं, म्हणाले. मी म्हणालो, आम्ही आलो तेव्हा असंच होतं, बघायला इथं कुणी नव्हतंच. त्यांनी तक्रारवही पुढं केली — जे बघितलं ते लिहा. मी रोजच्याच चांगल्या अक्षरात लिहिलं. 'कर्मचारी जागेवर हजर नव्हती. निष्काळजीपणामुळे चित्राचे नुकसान झाले.' खाली सही. ती जागेवर नव्हती हे तर खरंच होतं ना! त्या खरेपणाचीच मला सगळ्यात जास्त किळस येते.

तेवढ्यात त्या आल्या. एका हाताला माझी पोरगी, दुसऱ्या हातात पाण्याचा भरलेला ग्लास — माझ्यासाठी. साहेबांनी फैलावर घेतलं तशा माझ्याकडं वळल्या. "भाऊ, सांगा की यांना. तुमच्याच लेकरासाठी गेल्ते ना मी?"

"मी कुठं जा म्हणालो?"

हे मी बोललो. लेकीसमोर. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्या बाईंना मात्र हातातला ग्लास कुठं ठेवावा तेच सुचेना, शेवटी माझ्याच हातात दिला. आणि मी — थू! — मी ते पाणी प्यायलो.

मोती अजून आहे. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, मापं घ्यायच्या व्हर्निअरच्या डबीत. टाकवतही नाही, बघवतही नाही. नखं मी आता रक्त येईस्तोवर कापतो. त्यानं काय होतंय?

गेल्या महिन्यात कंपनीच्या पाहुण्यांना पुणं दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि त्यांना तेच संग्रहालय बघायचं होतं. चित्रापुढं आता काच आहे, दोरी आहे. राखणीला दुसराच माणूस. राहवलं नाही, विचारलं, "इथं पूर्वी एक बाई होत्या ना?"

"त्या होय? काढलं की त्यांना. कंत्राटातल्या होत्या. त्यांच्या निष्काळजीपणामुळं चित्र खराब झालं. कुणीतरी भला माणूस लेखी देऊन गेला, म्हणून कळलं तरी."

निष्काळजीपणा. माझाच शब्द, जसाच्या तसा.

पाहुणे माझ्याकडं बघत होते.

"असली माणसं ठेवूच नयेत," मी म्हणालो, आणि त्यांना घेऊन पुढच्या दालनात गेलो.