विलासची मोटरसायकल विकताना

विलासने मला फसवलं. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही... पण फसवणूक मला कळते, म्हणून लिहितोय.

२०१२ साली आम्ही दोघं न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडजवळच्या पापाकुऱ्यात एका खोलीत राहायचो. विलास सांगलीकडचा. दोघांत एक जुनी मोटरसायकल. थंडीत कामावर जाताना मी मागे बसून त्याच्या जॅकेटच्या खिशांत हात घालायचो आणि तो सगळी वाट बडबडायचा. तेवढी ऊब नंतर हीटरनेही दिली नाही.

भारतात परतताना त्याने आपला अर्धा हिस्सा मला विकला. घासाघीस करून मी खूश! दुसऱ्या दिवसापासून गाडी वीस किका मारल्याशिवाय सुरू होईना. फोनवर झापलं त्याला.

"आरं, म्हशीगत हाय ती. टाकी थोपट आन् म्हण, चल की गं बया."

"खोड लपवून विकलीस, वर चेष्टा करतोस?"

फोन आपटला. हट्टाने ते शब्द कधी उच्चारले नाहीत, कुणाला सांगितले नाहीत. तीन वर्षांनी तो वारल्याचंच कळलं.

२०१७ मध्ये वेलिंग्टनला नोकरी लागली, म्हणून गाडी ऑनलाइन विकायला काढली. शनिवारी दुपारी मॅट नावाचा दांडगा गोरा आला. मी कच्चा नाही — आधी लायसन्स आणि पूर्ण रक्कम माझ्या हातात, मगच टेस्ट राइड.

"स्वीट ॲज," म्हणाला, म्हणजे चालेल. मग इंजिनला हात लावून हसला. "तापवून ठेवलंयस. थंड होऊ दे, थांबतो मी."

गरम इंजिन लगेच सुरू होतं, म्हणून तो यायच्या आधीच मी गाडी चालवून ठेवली होती. चोरी पकडली गेली! तासभर पायरीवर चहा पीत बसलो. मग तो उठला, टाकी दोनदा थोपटली आणि अडखळत, पण चक्क मराठीत म्हणाला, "चल की गं बया."

पहिल्या किकला सुरू.

"हे... हे कुणी शिकवलं?"

"तुझ्या दोस्ताने. काल फोन आला होता. म्हणाला, तो तापवून ठेवेल, घाई करू नकोस. आणि भाव पाडू नकोस, चिडतो."

त्याने मोबाइल दाखवला. कालचा कॉल, चार मिनिटांचा. नंबरच्या जागी काहीच नाही.

मॅट गाडी घेऊन गेला. कारण मला आजवर सापडलेलं नाही, आणि मला ते नकोच आहे. मला जाब हवाय. विलास, अनोळखी माणसाशी चार मिनिटं बोललास. मला का नाही केलास फोन? माझा नंबर तोच आहे. बोल!