गंगाजळात बुडवलेली पटाशी

काकांनी माझी सुतारकामाची पटाशी पोळ्या भाजायच्या चिमट्यानं उचलली आणि गंगाजळाच्या बाल्टीत सोडली. मी उंबऱ्याबाहेर, ओढणी कमरेला खोचून उभी.

"बाईमाणसाचा हात. दिवस कोणते, कोण विचारत बसणार?"

हे ते काकूंना म्हणाले, माझ्या देखत. मी जणू भिंत.

काका म्हणजे दुर्गाघाटावरचे बडे पुरोहित. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते आणि सागवानी देव्हाऱ्याला नवी दारं हवी होती. बाबांचे हात आता थरथरतात, म्हणून निरोप मला आला. बाबांच्या हत्यारांवर हे लोक नुसतं पाणी शिंपडायचे. माझी बुडवायची. काय तो सोवळेपणा! स्वतः सकाळपासून तंबाखू चघळत होते.

ती पटाशी, इथले लोक रुखानी म्हणतात ती, मी निवडून घेतली होती. दुकानदार लाल मुठीच्या चकचकीत पटाश्या पुढे करत होता. मी नको म्हटलं. भंगारवाल्याकडून जुनी, जड घेतली. पाठ दगडावर घासून सपाट केली, मूठ शिसवीची बसवली. धार अशी की अंगठ्याच्या नखावर टेकवली तर घसरत नसे, तिथंच रुतायची. असल्या लोखंडाला पाणी लागलं की गंज धरतो. बाबांना सांगितलं होतं, तर म्हणाले, बुडवू दे, आपलं काय जातं. आपलं काय जातं! जन्मभर हेच म्हणत त्यांनी मान खाली घातली.

मीही घातली. पटाशी पुसली, एका दाराच्या बिजागऱ्यांच्या खाचा पाडल्या आणि ते बसवलं. दुपारी जेवायला बाहेर गल्लीतल्या पायरीवर बसले, कारण आत बसायची सोय माझ्यासाठी नव्हती. पटाशी आतच राहिली.

परत आले तर काकू नैवेद्याचा नारळ फोडून उठत होत्या. हातात माझी पटाशी. वर बत्ता हाणला होता. धारेचा कोपरा उडालेला, मूठ चिरलेली.

काकूंना त्याचं काही नव्हतं.

"कोयता सापडेना गं. म्हटलं, ही शुद्धच आहे."

म्हणजे माझ्या हातात असली की विटाळ आणि देवाचा नारळ फोडायला चालते. माझं हत्यार धुऊन घेतलं की यांचं होतं. मी मात्र कितीही धुऊन आले तरी पायरीवरच. असली अक्कल पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या वाचून येत असावी.

इतकी वर्षं मला या माणसांची भीती वाटत होती. त्या क्षणी नुसती किळस आली. मी काकूंच्या हातातून पटाशी घेतली, त्यांच्या बोटांना बोटं लावून घेतली. काकू दचकल्या. बाकीची हत्यारं मी पिशवीत भरली.

काका आडवे आले. दुसरं दार खाली पडलंय, उद्या घट आहेत, विसरलीस का? मग आवाज चढवला. या घाटावर पुन्हा काम मिळायचं नाही, म्हणाले.

"नको मला. दार तुम्हीच बसवा, काका. तुमचा हात शुद्ध आहे."

घरी बाबा चिडले. देवाचं काम अर्धं टाकून आलीस, उद्या जाऊन पाया पड, म्हणाले. मी दगड ओला केला आणि धार घासायला बसले. तुटका कोपरा जाईपर्यंत बोटभर पोलाद गेलं. बाबा समोर बसून बघत होते.

घाटावरची दोन घरं तेव्हापासून सुटली. सुटू देत. आता कामाला जाण्याआधी दारातच विचारते, हत्यार बुडवणार का? हो म्हणाले की पाठ फिरवते. माझा हात नको असेल, तर माझ्या हातचं कामही मिळणार नाही. देवालासुद्धा नाही.