सोनगीरच्या चढावरची शिट्टी

जळगावच्या एका सुट्या भागांच्या दुकानदारानं मला फसवलं. एरवी गिऱ्हाईक फसतं तेव्हा घाईत असतं किंवा भोळं असतं. मी दोन्ही नव्हतो. हमाली करून पैसा जोडला, जुना ट्रक घेतला, आणि भाव पाडण्यात धुळ्याच्या ट्रक स्टँडवर माझा हात धरणारा कोणी नव्हता.

वस्तू म्हणजे तळहाताएवढं पत्र्याचं चक्र, मधे वाकवलेली पाती. एअर फिल्टरच्या खाली चार बोल्टांनी बसवायचं. "हवा गरगर फिरत आत जाते," दुकानदार म्हणाला, "डिझेल पूर्ण जळतं. चढावर गाडी एक गियर वर चालेल."

मी तीनदा दुकानाची पायरी उतरलो, तीनदा त्यानं हाक मारली. शेवटी निम्म्या भावात चक्र माझ्या पिशवीत पडलं. तो इतका रडवेला झाला होता की मला त्याची दया आली. तिथंच मी ओळखायला हवं होतं.

स्टँडवर सगळ्यात जुने ट्रकमालक म्हणजे आबा. त्यांनी चक्र उलटसुलट करून पाहिलं.

"हाई डिझेल वाचाडस?"

"वाचवणारच."

"वाचाडं तं बठ्ठा स्टँडले भरीत मनाकडथून. नही वाचाडं तं तुनाकडथून. आनि बठ्ठास्ना मोऱ्हे म्हनानं, मी फसनू."

भरताची मला फिकीर नव्हती. पण सगळ्यांसमोर 'मी फसलो' हे दोन शब्द! आयुष्यात कधी उच्चारले नव्हते. मी हातावर हात मारला.

माझे ड्रायव्हर नाना, वयानं माझ्याहून मोठे, निवांत माणूस. टाकी काठोकाठ भरून ते शिरपूरला गेले, कापसाच्या गाठी घेऊन परत आले. आबांनी स्वतः उभं राहून टाकी पुन्हा काठोकाठ भरवली. नेहमीपेक्षा दोन लिटर कमी लागलं! आठवडाभर तेच. ताकदीचं मात्र नाव नव्हतं. वाटेतल्या सोनगीरच्या चढावर गाडी पूर्वीच्याच गियरमध्ये कण्हत होती आणि वर ते चक्र शिट्टी मारत होतं. पण पैज डिझेलची होती.

आबांच्या मळ्यात भरीत झालं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडी बडजीत कुटली, केळीच्या पानांवर वाढली. मी जळगावहून त्या दुकानदारालाही मोठ्या मानानं बोलावलं होतं. तो तीन भाकरी जेवला आणि जाताना आणखी चौघांना चक्रं विकून गेला. इतका हसलो मी त्या दिवशी की गालफडं दुखली.

पुढच्या खेपेला मला शिरपूरला काम होतं म्हणून मी नानांच्या शेजारी बसलो. गाडी भरधाव होती, आणि जितकी पळे तितकी शिट्टी कान फाडत होती. परत आलो तर डिझेल पूर्वीइतकंच, थेंबभरही कमी नाही.

"नाना, आज काय झालं?"

नाना पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागले. "भाऊ, मी एकला ऱ्हास तव्हय गास. शिट्टी जोरमा वाजनी का मना आवाज दबी जास. मंग गाडी हळू लेस."

"मग आज का नाही गायलात?"

"तुमी बसनात का माले गावानी लाज वाटस."

मी चक्र उपटून काढलं. नानांना सांगितलं, "हळू चालवा आणि खुशाल गा." पुन्हा दोन लिटर वाचले. वाचवणारं चक्र नव्हतंच, नानांचा गळा होता.

कोणाला कळलं नसतं. पण जिंकलेलं भरीत मला पचेना. मी स्टँडला दुसऱ्यांदा भरीत घातलं आणि उभं राहून ते दोन शब्द म्हणालो. आबांनी कानाला हात लावला, "आयकू नही उनं." पुन्हा म्हणालो. मग तिसऱ्यांदा. स्टँड लोळून लोळून हसला, आणि खरं सांगतो, मीही. मग लोकांनी नानांना गायला लावलं. लाजत लाजत ते इतकं गोड गायले की वाढणारे वाढायचे थांबले.

चक्र घेऊन मी जळगावला गेलो. दुकानदारानं चहा मागवला.

"डिझेल वाचलं ना?"

"वाचलं, पण..."

"मग शेठ, तक्रार कसली?"

मी टेबलावर मूठ आपटली, कप सांडला. पण भावात कधी न अडलेला मी त्या प्रश्नावर अडलो. म्हणून आज लिहून उत्तर देतो. दुकानदार, हे वाचत असशील तर धुळ्याला ये. मी जिथं उभं राहून बोललो तिथंच उभा राहा आणि तेच दोन शब्द उलटे करून सांग: मी फसवलं. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत आम्ही कानाला हात लावून बसू. वांगी माझ्याकडून.