डावीकडची सीट

आमच्या गल्लीतल्या अर्ध्या लोकांना गाडी मास्तरांनी शिकवली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डावीकडे बसायचं, पायाखाली जादा ब्रेक, तोंडाने "क्लच सोडा, हळू". लायसन हातात पडलं की शिष्य जो गायब होतो, तो पुन्हा फिरकत नाही. "मास्तर, चला, एक चक्कर मारू," असं आजवर एकानेही म्हटलेलं नाही. मेले कृतघ्न सगळे. बायको गेल्यापासून तर रविवारी मास्तरांशी बोलायला फक्त रेडिओ.

अशातच त्यांना नवशिक्यांच्या रॅलीची जाहिरात दिसली. शर्यत नव्हे, आखलेल्या रस्त्याने ठरवून दिलेल्या वेळेत पोचायचं. अट एकच: गाडीत दोघं हवीत, एक चालवणारा आणि एक रस्ता वाचून सांगणारा. मास्तर अडले ते या अटीपाशी. मेहुण्याने गुडघेदुखी पुढे केली. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, या वयात?" शेवटी संयोजकांनीच, एकट्या आलेल्या एक शिवणकामवाल्या बाई त्यांना जोडून दिल्या.

निघायच्या रांगेत मास्तर रुबाबात बसले. झेंडेवाला गाडीपाशी आला आणि चक्रावला. स्टिअरिंगसमोर कोणीच नव्हतं. मास्तर सवयीने डावीकडे बसले होते, आणि बाई रस्त्याचे कागद घेऊन बाहेर ताटकळत होत्या. लोक पोट धरून हसले. मास्तर कानकोंडे होऊन उजवीकडे आले.

पुढचा प्रवास मात्र विचारू नका. "पुलानंतर डावीकडे." "आता सरळ, घाई नको." जन्मभर जगाला वळणं सांगणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कोणीतरी वळण सांगत होतं. मास्तरांना एवढं बरं वाटलं की डोळे भरून आले. त्या नादात काटा तिसाच्या वर गेलाच नाही. शिकाऊ गाडीचा वेग हाडात मुरलेला. शेवटच्या ठिकाणी पोचले तेव्हा टेबलं आवरून झाली होती.

"शेवटून पहिले," मास्तर ओशाळून म्हणाले. "पुढच्या वेळी पुन्हा येणार का तुम्ही?"

बाईंनी कागदांची नीट घडी घातली. "येईन की. पण चालवेन मी. तुम्ही वाचा, तुम्हाला सांगायची सवय आहे."

मास्तरांचा हात स्टिअरिंगवरून निघेना. कोणीतरी सांगावं, एवढ्यासाठीच तर आलो होतो, हे बोलायला त्यांची जीभ रेटेना. आणि नाही म्हटलं, तर गाडीत पुन्हा कोणीच नाही.

"बरं," ते म्हणाले. "आरसा तेवढा बघत जा."