बोल्ट नंबर ३८२

डेल्माने ऑरिन ट्वेटला पहिल्यांदा पाहिलं ते टेबलाखाली. लुइसटाउनच्या बंदुकांच्या मेळ्यात शेजारच्या टेबलाखालून फक्त दोन बूट बाहेर आले होते, आणि ते एवढाले की एकेकात एखादं कुटुंब हिवाळा काढील. टेबलाखाली असा खडखडाट, की जणू मालगाडी रुळांवरून घसरून स्वतःशीच भांडते आहे. डेल्मा सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या विकायची. तिला वाटलं, आलं बाई पहिलं गिऱ्हाईक, आणि तेही फिट येऊन पडलेलं. तेवढ्यात बूट बोलले, "बाई, त्या स्क्रूवर पाय देऊ नका. तुमच्यापेक्षा वयाने मोठा आहे."

"फार नसेल," डेल्मा म्हणाली.

तेव्हापासून बारा वर्षं टेबलं शेजारीशेजारी. ऑरिन जुन्या बोल्टवाल्या, म्हणजे सरकत्या दांड्याने गोळी भरायच्या, बंदुका उकलायचा आणि सुटे भाग विकायचा. अख्ख्या बंदुकीला एक गिऱ्हाईक. सुट्या भागांना मात्र हौसेने नवी बंदूक घडवणारे दहा जण. बोलणं बेताचं. सकाळी "थंडी आहे," दुपारी "आहेच." घरी गेल्यावर दोघांचं तेवढंही कुणाशी नसे.

त्याची एक गोष्ट डेल्माला हप्त्याहप्त्याने कळली. बापाने नॉर्वेहून आणलेली क्राग बंदूक मृत्युपत्रात दोघा भावांना मिळून आली होती. धाकटा हाल्वर अलास्कात. एका बंदुकीची वाटणी करायची कशी? ऑरिनने धंद्याच्या सवयीने केली. बंदूक उकलली, भाग विकले, बरोबर निम्मे पैसे पाठवले आणि वर कौतुकाने लिहिलं, 'भाव चांगला आला.' हाल्वरने पैसे परत केले. सोबत एक ओळ होती: 'बाबांनाही उकलून विकायचं होतंस.'

मग एकोणीस वर्षं अबोला. तेवढ्या वर्षांत ऑरिनने दस्ता, नळी, चाप, एकेक करून परत मिळवलं. बंदूक जुळली की हाल्वरला फोन करायचा, हे ठरलेलं. राहिला होता बोल्ट, बंदुकीचाच ३८२ नंबर ठोकलेला.

तो मार्चच्या मेळ्यात मिळाला. हावरहून आलेल्या एका बाईने कॉफीच्या डब्यात भरून बोल्ट आणले होते. ऑरिन एकेक उलटा करून बघत होता. एका बोल्टवर त्याचा हात थांबला.

"शंभर," बाई म्हणाली.

वॉशरसाठी अर्धा तास घासाघीस करणाऱ्या माणसाने गुपचूप शंभर काढून दिले. डेल्माने मान वळवली.

त्याने टेबलाखालच्या पेटीतून बाकीचे भाग काढले आणि तिथेच बंदूक जुळवली. बोल्ट टक् करून बसला. मग त्याने फोन लावला.

"हाल्वर? ऑरिन. बाबांची क्राग जुळली." बराच वेळ तो ऐकत राहिला. "हो... बरं... बरं."

"काय म्हणतो?" डेल्माने विचारलं.

"खांदा गेलाय त्याचा. शिकार सोडून सहा वर्षं झाली."

"आणि बंदूक?"

"ठेव म्हणाला तुझ्याकडे."

"अन् तू ये, असं काही?"

"तिकडे पाऊस पडतोय म्हणाला."

डेल्माने आपल्या मालातली सगळ्यात जाड पट्टी त्याच्यापुढे ठेवली. "खा, म्हाताऱ्या. पैसे नकोत."

"खारट असते तुझी," तो म्हणाला, आणि खाल्ली.

सप्टेंबरच्या मेळ्यात क्राग ऑरिनच्या टेबलावर विकायला होती, पुन्हा सुटी केलेली. बोल्ट पहिल्या तासातच गेला.