सासऱ्यांची कवळी आणि माझी डोंगरी सायकल

हिंगोली शहरात डोंगर नाही. तरीही वयाच्या पन्नाशीला टेकल्यावर मी डोंगरावर चालवायची सायकल विकत घेतली, तीही जुनी.

कारण माझं पोट. डॉक्टरांनी रोज पायी फिरायला सांगितलं होतं. पण पायी फिरणाऱ्या माणसाला ओळखीचे लोक भेटतात, ते चहाला बसवतात, आणि चहाच्या आधी भजी येतात. फिरायला लागल्यापासून माझं वजन वाढलं. सायकलवरच्या माणसाला कोणी थांबवत नाही, असा माझा समज होता.

एकदा ऑफिसच्या कामाने वारंगा फाट्याला गेलो होतो. जेवून हॉटेलच्या मागे हात धुवायला गेलो, तर भिंतीला टेकून ती उभी. जाड दातेरी टायर, गिअर, मूळचा लाल रंग कुठे कुठे शिल्लक. सीटवर एक कोंबडी बसलेली, हँडलवर दोन. हॉटेलवाल्याचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, तेव्हापासून ती तिथेच होती.

"विकता का?" मी विचारलं.

हॉटेलवाला लगेच तयार झाला. त्याची बायको तयार होईना.

"अन् राती कोंबड्या कुठं बसतील?"

"बघू की दुसरं काही," तो म्हणाला.

"काय बघता? त्यांला सवय लागून राहिली हिची."

मी घरची जुनी लाकडी शिडी आणून देतो असं कबूल केलं, तेव्हा व्यवहार झाला. (शिडी मी खरोखर नेऊन दिली. कोंबड्यांना ती पसंत नाही, असा पुढे निरोप आला.)

जीपच्या टपावर बांधून सायकल घरी आणली. माझी बायको शोभा आणि तिचे वडील ओट्यावर बसलेले होते. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा आखाडा बाळापूरचे, तिथेच त्यांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. दातांच्या कामासाठी ते आमच्याकडे येऊन राहिले होते. सगळे दात काढून झाले होते, कवळी तयार होत होती, आणि तोवर ते दुधात भिजवलेली भाकरी खाऊन दिवस काढत होते. खाण्याचं त्यांना एवढं दुःख नव्हतं. दुःख होतं ते 'स'चं. दातांशिवाय त्यांच्या 'स'चा 'श' होत होता. ज्या माणसाने 'शाळा'ला 'साळा' म्हटलं म्हणून दोन पिढ्यांचे कान पिळले, त्याच्या तोंडून आता 'शाशुरवाडी' निघत होतं. शेजारी कोणी आलं की मामा नुसती मान हलवायचे.

"हे काय आणलं?" शोभाने विचारलं.

"सायकल. डोंगरावर सुद्धा चढते."

"आपल्याला भाजी मंडईत जायचं असतं."

मामा उठले, सायकलीला एक चक्कर मारून आले. "शायकल मजबूत हाये, जावईबापू. पण हिचा वाश काहून येऊन राहिला?"

"कोंबड्यांचा आहे, मामा."

दुसऱ्या दिवशी सायकल बाबूभाईच्या दुकानात नेली. बाबूभाईने ती उलटी केली, चाक फिरवलं आणि बराच वेळ मागच्या गिअरकडे पाहिलं.

"साब, ये इतने चक्कर कायकू दिये इसमें?"

"ते गिअर आहेत."

"निकाल दूं? तकलीफच खतम."

मी गिअर राहू द्यायला सांगितलं. जाड टायर काढून शहराच्या रस्त्याला चालतील असे गुळगुळीत टायर टाकायचे आणि ब्रेक नवे करायचे, एवढंच काम मी सांगितलं होतं. संध्याकाळी गेलो तर सायकलीला मडगार्ड, कॅरिअर, दणकट स्टँड, पितळी घंटी आणि हँडलला पिशवी अडकवायचा हुक लागलेला होता. डोंगर चढणारी सायकल आता दूधवाल्याची दिसत होती.

"आता कैसी भरी भरी दिखती," बाबूभाई म्हणाला.

मी ऐटीत टांग मारली आणि निघालो. थोडं पुढे गेल्यावर लक्षात आलं की गिअर सगळ्यात हलक्या जागी अडकला आहे. ज्याने डोंगर चढतात तो. म्हणजे पाय पंख्यासारखे फिरायचे आणि सायकल मुंगीसारखी सरकायची. डोक्यावर भाजीचं टोपलं घेऊन एक म्हातारी माझ्या बाजूने चालत होती. ती आधी मागे होती.

"घाईत दिसता," ती म्हणाली.

"नाही, घरीच चाललोय," मी धापा टाकत म्हणालो.

"मंग एवढे पाय काहून मारून राहिले?"

एवढं विचारून ती पुढे निघून गेली.

बाबूभाईने गिअरची तार ओढून बांधली. त्यानंतर सायकल पळायला लागली, पण आता ब्रेक ओरडायला लागले. नवे रबर होते, "घिसेंगे तो चुप होंगे," असं तो म्हणाला. तो आवाज शब्दांत सांगता येणार नाही. पहिल्यांदा गल्लीत ब्रेक दाबला, तेव्हा समोरच्या वहिनी कुकर बंद करायला आत पळाल्या. शोभा म्हणाली, "तुम्हाला घंटीची गरजच न्हाई."

आणि अशातच तो शनिवार आला. रविवारी बाळापूरला मामांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठेवला होता. मामांनी भाषण करायचं होतं. कवळी तोंडात बसवून, घासून सगळं झालं होतं. शेवटची झळाळी देऊन ती शनिवारी दुपारी मिळणार होती. मामा सकाळपासून दाढी करून बसले होते.

"मी स्कूटीवरून घेऊन येते," शोभा म्हणाली.

"सायकल कशासाठी घेतली मग?" मी म्हणालो.

"तेच मी पण विचारून राहिले."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "शांभाळून आणा, जावईबापू. उद्या शभेत मला बोलायचं हाये." मी त्यांना निश्चिंत राहायला सांगितलं.

दातांचे डॉक्टर सायकलीचे शौकीन निघाले. कवळीची डबी हातात देता देता त्यांनी विचारलं, "कशावर आलात?" मी त्यांना दाराशी नेऊन सायकल दाखवली. गिअर दाखवले, तार कशी ओढून बांधली ते सांगितलं. डबी कापडी पिशवीत टाकली (निदान मला तसं स्पष्ट आठवत होतं), पिशवी हुकाला अडकवली आणि निघालो. वाटेत मेथीची एक जुडी घेतली, तीही पिशवीत टाकली.

गावाबाहेरून आमच्या वस्तीकडे वळणाऱ्या रस्त्यावर मेंढरांचा कळप येत होता. पूर्ण रस्ता भरून. मागे एक धनगर बाई काठी घेऊन चालत होती. मी शहाणपणाने लांबूनच ब्रेक दाबला.

त्या आवाजाने कळप आधी जागीच थबकला आणि मग चारी दिशांनी उधळला. त्यातली एक दिशा माझी होती. मी सायकलसकट आडवा झालो, पण खाली लोकर असल्यामुळे लागलं काहीच नाही. उठून बसलो तेव्हा पिशवी पलीकडे पडलेली होती. एक मेंढा तिच्यात तोंड घालून मेथी खात होता. मी पिशवी हिसकावून आत हात घातला. आत दोन काड्या उरल्या होत्या. डबी नव्हती.

मी रस्त्यावर रांगायला लागलो. बाई जवळ आली.

"काय हरपलं, दादा?"

"दात."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुमचे तं दिसून राहिले."

"माझे नाही. सासऱ्याचे."

"मंग सासरा कुठं हाये?"

मी कवळीचं समजावून सांगितलं. बाई भली होती. काठीने रस्त्याकडेचं गवत चाळायला लागली. येणारेजाणारे थांबले. कोणी गवतात बघू लागलं, कोणी नालीत. एका गृहस्थाने मेंढ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "यानंच गिळले असतील. मेथीबराबर गेले."

बाईला ते लागलं. "माझं मेंढरू दात काहून खाईल? त्याला त्याचे हायेत की."

तरीही खात्री करावी म्हणून आम्ही दोघांनी मेंढा धरला आणि मी त्याचा जबडा उघडून आत पाहिलं. त्याच वेळी शोभाची स्कूटी येऊन थांबली. गर्दीतल्या एका ओळखीच्याने तिला फोन केला होता, की साहेब सायकलवरून पडले आणि दात गेले.

"तोंड उघडा," ती मला म्हणाली. तिच्या हातात पाण्याची बाटली होती आणि चेहरा पांढरा पडला होता.

मी तोंड उघडलं. सगळे जागेवर होते. दुसऱ्या तोंडावरचा माझा हात मात्र तसाच होता.

"अन् ह्याचं काहून धरलं?"

मी सांगितलं. ती पदर खोचून रस्त्याकडेला बसली आणि गवत चाळायला लागली. उद्या तिच्या वडिलांना शेकडो लोकांसमोर उभं राहायचं होतं, आणि ते मान हलवण्यापलीकडे काही करू शकणार नव्हते. मामांना काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"सायकल रस्त्यात काहून आडवी टाकली, जावईबापू? सगळ्यांना त्रास होऊन राहिला."

मामा उभे होते. पायी आलेले, हातात छत्री.

"मामा, माफ करा," मी मान खाली घालून म्हणालो. "तुमचे दात हरवले."

"असं?"

"सकाळपासून तुम्ही वाट बघत होता."

"साहजिक आहे. सोसावं लागतं माणसाला."

शोभाने एकदम मान वर केली. "बाबा, पुन्हा म्हणा."

"काय म्हणू? सासुरवाडी म्हणू?"

तेव्हा कुठे मला कळलं. मामा हसले, आणि वरचे खालचे सगळे दात उन्हात चमकले.

झालं होतं असं की सायकल दाखवायच्या भरात मी डबी दवाखान्याच्या बाकावर ठेवून आलो होतो. तिथल्या नर्सबाईने शोभाला फोन लावला, तो तिने उचलला नाही (ती माझे दात गोळा करायला स्कूटीवर निघाली होती). मग तिने घरच्या फोनवर सांगितलं, तो मामांनी उचलला. आम्ही दात शोधत होतो तोवर ते छत्री घेऊन जवळच्या गल्लीबोळातून चालत गेले, कवळी तोंडात बसवली, आणि मोठ्या रस्त्याने घरी परत येताना वाटेत आम्ही सापडलो.

मेंढा अजून माझ्या हातात होता. मामांनी बाईला हात जोडले. "तुमच्या मेंढराला आमच्यापायी तकलीफ झाली." बाई म्हणाली, तकलीफ काही न्हाई, त्याला मेथी भेटली. मी मेंढा सोडला.

रविवारी बाळापूरच्या शाळेचं मैदान भरलं होतं. मी पहिल्या रांगेत, मानाच्या खुर्चीत बसलो होतो. मामा माईकसमोर उभे राहिले आणि एकेक अक्षर सुटं करत बोलले, "सज्जनहो, सासऱ्याच्या दातांसाठी समस्त मेंढरांची तोंडं तपासणारा सुशिक्षित जावई सगळ्यांच्याच नशिबात नसतो."

एकही 'स' घसरला नाही. पार शेवटच्या रांगेतली माणसंसुद्धा उभी राहून माझ्याकडे बघायला लागली. कवळी उत्तम बसली होती.